रिकाम्या कुंडीतला भुईचाफा

प्रतिनिधी

चैत्र लागला की शहरातल्या बागप्रेमींचे डोळे मोगऱ्याच्या कळ्यांकडे लागतात. उन्हात मांडलेल्या कुंड्यांचे कौतुक सुरू होते. नेमक्या त्याच सुमारास, जिथे ऊन फिरकत नाही अशा एखाद्या कोपऱ्यातल्या कुंडीतली कोरडी माती तडकते आणि तिच्यातून एक पांढरे-जांभळे फूल थेट वर येते. त्याला आधार द्यायला पान नसते, खोड नसते, लांब देठही नसतो. कुणी फूल खुडून मातीवर अलगद ठेवून दिले असावे, असेच पाहणाऱ्याला वाटते. हा भुईचाफा. कोकणातल्या परसदारी आणि जुन्या वाड्यांच्या चौकांत एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिलेली ही वनस्पती आता शहरातल्या सदनिकांच्या गॅलऱ्यांत जागा शोधते आहे.

तिला जागा देणे अवघड नाही. इमारतींच्या गर्दीत ज्याची मुळीच टंचाई नाही अशी एकच गोष्ट ती मागते, ती म्हणजे सावली. तरीही अनेक घरांत भुईचाफा दोन-तीन वर्षांच्या वर टिकत नाही. त्याचे कारण बहुधा दुर्लक्ष हे नसते. हिवाळ्यात झाड नाहीसे झाल्यासारखे दिसते. मग कुणी घाबरून पाण्याचा मारा करतो, तर कुणी कुंडी रिकामी समजून तिच्यात कोथिंबीर पेरतो. दोन्ही प्रकारांत मातीखाली जिवंत असलेला कंद जातो. म्हणूनच भुईचाफा कसा लावावा, याइतकेच त्याच्याकडे केव्हा लक्ष देऊ नये, हेही समजून घेणे आवश्यक ठरते.

नावाने चाफा, कुळाने आले

मराठीत 'चाफा' हे नाव कितीतरी वनस्पतींना मिळाले आहे. सोनचाफा हा मॅग्नोलियाच्या कुळातला वृक्ष; देवळांच्या आवारात दिसणारा पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला; तर हिरवा चाफा ही सीताफळाच्या कुळातली आधाराने चढणारी झुडुपवजा वेल. सुगंधी फूल एवढाच काय तो त्यांच्यातला समान धागा. भुईचाफा या साऱ्यांहून वेगळा आहे. तो आले, हळद, वेलदोडा आणि सोनटक्का यांचा भाऊबंद. त्याला लाकडी खोड नसते. जमिनीखाली कंद आणि वर केवळ ऋतूपुरती पाने, अशी ही बहुवर्षायू वनस्पती आहे.

शास्त्रीय परिभाषेत तिला 'केम्फेरिया रोटुंडा' म्हणतात. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ साली हे नाव दिले. एंगलबर्ट केम्फर (१६५१-१७१६) या जर्मन वैद्य व प्रवाशाच्या स्मरणार्थ त्यांनी प्रजातीचे नाव योजले. 'रोटुंडा' या लॅटिन शब्दाचा अर्थ गोल. भुईचाफ्याच्या मुळांना लटकणाऱ्या गोलसर गाठी पाहिल्या की ते नाव पटते. मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' (१६७८-१६९३) या बारा खंडांच्या डच ग्रंथातही या वनस्पतीची नोंद 'मलन कुवा' या नावाने आढळते. या ग्रंथाच्या सिद्धतेत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनी हातभार लावला होता आणि त्यांचे देवनागरीतले कोंकणी निवेदन पहिल्या खंडात छापले गेले. संस्कृतात 'भूमिचंपक', हिंदीत 'भुईचंपा' असे म्हटले जाते. इंग्रजीत मात्र तिला 'रिझरेक्शन लिली', म्हणजे मरणातून परतलेली लिली, म्हणतात. हिवाळ्यातली रिकामी कुंडी आणि वसंतातले फूल एकदा पाहिलेल्याला या नावाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

भारतीय उपखंडापासून आग्नेय आशिया आणि दक्षिण चीनपर्यंत ही वनस्पती आढळते किंवा जोपासली जाते. पारंपरिक वैद्यकात तिच्या कंदाचा उपयोग सूज आणि जखमांवर सांगितला आहे. अर्थात, जाणकार वैद्याच्या सल्ल्यावाचून घरच्या कुंडीतला कंद औषध म्हणून वापरण्याच्या फंदात पडू नये.

आधी फूल, मग पान

भुईचाफ्याच्या फुलाची रचना न्याहाळण्याजोगी आहे. वरच्या बाजूला दोन पांढऱ्या, उभट पाकळ्या आणि खाली मधोमध दुभंगलेली, फिकट ते गडद जांभळ्या छटेची रुंद पाकळी असे त्याचे रूप दिसते. त्यामुळे अनेकांना हे ऑर्किडच वाटते. गंमत अशी, की ज्यांना आपण पाकळ्या समजतो ते मुळात पुंकेसर आहेत. आल्याच्या कुळातल्या फुलांत एकच पुंकेसर परागकण तयार करतो. उरलेल्यांपैकी काहींनी पाकळीचे रूप घेतलेले असते. खऱ्या पाकळ्या अरुंद असतात आणि मागे दडून राहतात. एक फूल जेमतेम दिवसभर टिकते. परंतु एका कोंबातून चार ते सहा फुले एकामागून एक उमलत असल्याने आणि मोठ्या कंदाला असे अनेक कोंब येत असल्याने हा सोहळा काही आठवडे चालतो. सुगंध मंद असतो. तो दरवळत नाही. त्यासाठी वाकून कुंडीशी जावे लागते.

फुले संपत आली की पानांच्या सुरळ्या मातीतून वर येतात. ही पाने फुलांइतकीच देखणी असतात. वरच्या बाजूने गडद हिरव्या पृष्ठभागावर रुपेरी-फिकट हिरवी नक्षी आणि खालच्या बाजूने जांभळट झाक. पावसाळाभर दीड-दोन फूट उंचीचा हा पर्णसंभार कुंडी भरून टाकतो. फूल नसतानाही भुईचाफा शोभेचे झाड म्हणून जपावा, तो यासाठी.

फूल पानांच्या आधी का येते, याचे उत्तर या वनस्पतीच्या जंगलातल्या राहणीत सापडते. आपल्याकडची पानझडी जंगले उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळतात. त्या काळात जमिनीवर प्रकाश पोहोचतो आणि उंच गवत, झुडपे यांची गर्दी नसल्याने जमिनीलगतचे फूल कीटकांच्या नजरेत भरते. पावसाळ्यात वर दाट छत तयार होते, तेव्हा भुईचाफा विरळ प्रकाशात आपली रुंद पाने पसरून अन्न तयार करतो आणि ते कंदात व मुळांच्या गाठींत साठवतो. पाऊस संपला, जमीन सुकू लागली की पाने टाकून देतो. पुढच्या वसंतातले फूल येते ते या साठवणीच्या जोरावर; त्या वेळी झाडापाशी एकही पान नसते. युरोप-अमेरिकेतल्या जंगलांत हिपॅटिका, ट्रिलियम यांसारखी फुलेही वृक्षांना पालवी फुटून सावली दाट होण्याआधी उमलतात. हवामान वेगळे असले तरी प्रकाशाची संधी साधण्याचा हिशोब तसाच.

हा हिशोब ध्यानात ठेवला की भुईचाफ्याच्या संगोपनातले सारे नियम आपोआप उलगडतात. पावसाळ्यातली पाने म्हणजे कमाई, हिवाळ्यातली झोप म्हणजे ठेव आणि वसंतातले फूल म्हणजे त्यावरचे व्याज.

सावली म्हणजे काळोख नव्हे

गुलाब, जास्वंद, मोगरा, सदाफुली यांना दिवसाकाठी चार ते सहा तासांचे थेट ऊन हवे असते. दोन इमारतींच्या बेचक्यातल्या गॅलरीत ते मिळत नाही. मग तिथे मनीप्लांट, सिंगोनियम किंवा नेचे लावून समाधान मानले जाते. अशा ठिकाणी फुलणाऱ्या मोजक्या वनस्पतींत भुईचाफ्याची गणना होते. मात्र सावलीप्रिय याचा अर्थ अंधारात वाढणारा, असा कुणी घेऊ नये. जिन्याखालच्या किंवा दिवाणखान्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलेल्या कुंडीला पाने येतील; पण ती लांबट, मऊ आणि कोलमडणारी असतील. त्यांच्याकडून पुढच्या वर्षीच्या फुलासाठी पुरेशी साठवण होणार नाही.

आपल्याकडची सावली कोणत्या प्रतीची आहे हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. हाताची सावली काळी व रेखीव पडली तर तिथे ऊन आहे, भुईचाफ्याला ते सोसणार नाही. सावलीच्या कडा पुसट असल्या, परंतु हाताचा आकार ओळखू येत असला, तर ती जागा उत्तम. सावली मुळीच पडत नसेल तर प्रकाश अपुरा आहे, असे समजावे.

ही परीक्षा वर्षातून एकदा करून भागत नाही. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. 'शून्य सावलीचा दिवस' म्हणून वृत्तपत्रांत ज्याची चर्चा होते तो हाच. त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो. परिणामी हिवाळ्यात उन्हाचे दर्शनही न होणाऱ्या उत्तरेकडच्या गॅलरीत मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळचे ऊन शिरते. सकाळचे कोवळे ऊन भुईचाफ्याला मानवते. पश्चिमेकडून येणारे दुपारनंतरचे ऊन मात्र कोवळ्या पानांच्या कडा करपवते. या दोन महिन्यांत कुंडी हातभर आत सरकवणे किंवा तिच्यापुढे एखादे उंच झाड उभे करणे एवढा उपाय पुरतो. अंगण असेल तर आंबा, फणस वा सोनचाफ्याच्या सावलीच्या कडेला, बुंध्यापासून थोडे दूर, भुईचाफा लावावा. बुंध्यालगतच्या मुळांच्या जाळ्यात कंदाला वाव मिळत नाही.

कंद आणि कुंडी

भुईचाफा बियांपासून वाढवण्याच्या भानगडीत घरगुती बागेत कुणी पडत नाही. कंद लावणे हाच रूढ मार्ग. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ लागवडीस उत्तम. कंद टणक असावा. बोटाने दाबल्यावर मऊ लागणारा किंवा कुबट वास येणारा कंद घेऊ नये. त्यावर निदान एक, शक्यतो दोन-तीन फुगीर डोळे असावेत आणि मुळांना लोंबणाऱ्या गाठी शाबूत असाव्यात. या गाठी कुरूप दिसतात म्हणून काही विक्रेते त्या छाटून कंद 'स्वच्छ' करून देतात. तो शुद्ध तोटा होय, कारण पहिल्या वर्षीची शिदोरी त्या गाठींतच असते. रोपवाटिकेतून पावसाळ्यात पानांसह कुंडी घेणार असाल तर पानाची वरची रुपेरी नक्षी आणि खालची जांभळी झाक पाहून खात्री करावी. आल्याच्या कुळातल्या इतर वनस्पतीही कधी कधी याच नावाखाली विकल्या जातात.

कंद खोल जाण्याऐवजी आडवा पसरतो. म्हणून उंच कुंडीपेक्षा दहा ते बारा इंच रुंद आणि सात-आठ इंच खोल अशी पसरट कुंडी घ्यावी. मातीची कुंडी सर्वोत्तम, कारण तिच्यातून जादा ओल निघून जाते. तळाच्या छिद्रांवर खापऱ्या ठेवून त्यावर बोटभर जाडीचा विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा. माती भुसभुशीत हवी. दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग पालापाचोळ्याचे कुजलेले खत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू, हे मिश्रण चांगले. निव्वळ कोकोपीट टाळावे. पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवते. लावताना मूठभर निंबोळी पेंड मिसळल्यास उत्तम.

कंद डोळे वर येतील अशा बेताने ठेवून त्यावर दीड ते दोन इंच माती घालावी. फार खोल लावला तर फुलाचा आखूड देठ मातीबाहेर येऊ शकत नाही आणि फूल मातीतच कुजते. जमिनीत लावताना दोन कंदांत वीतभराहून थोडे अधिक अंतर ठेवावे. लावल्यानंतर एकदा माती ओलसर होईल इतके पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत पुन्हा झारीला हात लावू नये.

पाण्याचा हिशोब

भुईचाफ्याला पाणी किती, या प्रश्नाला वर्षभर लागू पडेल असे एकच उत्तर नाही. कोंब व फुले येत असताना माती जेमतेम ओलसर असावी. बोट एक पेरभर मातीत खुपसून कोरडे लागले तरच पाणी द्यावे आणि ते फुलांवर न ओतता कडेने द्यावे. पाने उलगडू लागली की पाणी वाढवावे. या वेळी उन्हाळा ऐन भरात असल्याने दिवसाआड पाणी लागते.

खरी परीक्षा पावसाळ्यात. भारतीय हवामान विभागाने २०२० साली सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर आहे. हे चार महिने म्हणजेच भुईचाफ्याच्या वाढीचा काळ. मुंबईत या काळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून मुंबईत आणि कोकणात कुंडी थेट पावसात न ठेवता वळचणीला ठेवावी, तर पुण्यात उघड्यावर ठेवली तरी चालते. कुठेही असो, कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून टाकावी. ताटलीत साचलेले पाणी तळाकडून माती चिखल करते. शिवाय त्यात डासांची पैदास होते, ती वेगळीच.

खताची मागणी बेताची. पाने पूर्ण उलगडल्यावर एकदा आणि श्रावणात एकदा, दोन-दोन मुठी गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत द्यावे. सप्टेंबरनंतर खत बंद. त्या वेळी वनस्पती नवी वाढ थांबवून साठवणीच्या कामाला लागलेली असते.

झोपलेल्याला उठवू नये

दिवाळीच्या आगेमागे भुईचाफ्याची पाने पिवळी पडू लागतात. हा रोग नव्हे. तरीही बहुतेकांची चूक इथेच होते. प्रस्तुत प्रतिनिधीचा अनुभवही याहून वेगळा नाही. पुण्यातल्या पेठेतला वाडा पुनर्विकासासाठी रिकामा होत असताना चौकातला एक गड्डा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला होता. पहिल्या उन्हाळ्यात दोन फुले आली, पावसाळ्यात कुंडी पानांनी भरली. नोव्हेंबरात पाने पिवळी दिसताच काळजीपोटी रोज पाणी सुरू झाले. जोडीला द्रवरूप खतही दिले गेले. फेब्रुवारीत माती उकरली तेव्हा हाताला लागला तो तपकिरी लगदा. वाड्याची ती एकमेव आठवण अशी अतिप्रेमाने गेली.

पुढे शेजारच्या आजींनी आपल्या कुंडीतला एक तुकडा दिला, तो एका अटीवर. "दिवाळी झाली की हिच्याकडे बघायचं नाही. पाणी तर मुळीच नाही. पाडवा झाला की मग बघू," असे त्यांनी बजावले. "आजी, मरणार नाही ना?" या प्रश्नावर त्यांचे उत्तर होते, "अरे, निजलेल्याला कुणी पाणी पाजतं का?" त्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात पहिले फूल आले.

आजींच्या सांगण्यामागचे शास्त्र सरळ आहे. पाने पिवळी पडत असताना त्यांतली पोषणद्रव्ये कंदाकडे परतत असतात. म्हणून पिवळी पाने ओढून काढू नयेत. ती पूर्ण सुकून आपसूक सुटू द्यावीत. पाने गेल्यावर पाणी शोषून हवेत सोडणारे कुणीच उरत नाही, त्यामुळे दिलेले प्रत्येक भांडे मातीत तसेच साचून राहते. कंद कुजतो तो यामुळे. पाने पिवळी होऊ लागताच पाणी निम्म्यावर आणावे आणि ती सुकली की थांबवावे. डिसेंबर ते फेब्रुवारी कुंडी कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावी. पुण्यातली थंडी या अवस्थेत कंदाला बाधत नाही. माती अगदीच भेगाळली तर तीन-चार आठवड्यांतून एकदा वाटीभर पाणी कडेने दिले तरी पुरे.

या काळातला सर्वांत उपयुक्त उपाय बागकामाच्या दुकानात मिळत नाही. एक पट्टी घ्यावी, तिच्यावर 'भुईचाफा आहे, पाणी घालू नये' असे लिहावे आणि ती कुंडीत खोचून ठेवावी. घरातल्या माणसांसाठी, मदतीला येणाऱ्या मावशींसाठी आणि सुट्टीत झाडांना पाणी घालणाऱ्या शेजाऱ्यांसाठी ही सूचना लाखमोलाची ठरते.

कंदकूज, गोगलगाय आणि न येणारे फूल

भुईचाफ्याचा मुख्य शत्रू कंदकूज. हळद-आल्याच्या शेतकऱ्यांना हा शब्द चांगला परिचित आहे. भर पावसाळ्यातच पाने कडेकडून पिवळी पडू लागली, बुंधा मऊ झाला आणि हलकेच ओढताच पान हातात आले, तर कंदकूज समजावी. अशा वेळी कंद बाहेर काढून कुजलेला भाग निरोगी भाग लागेपर्यंत कापावा, कापाला राख लावून दोन दिवस सावलीत सुकवावा आणि नव्या, कोरडसर मातीत लावावा. जुनी माती पुन्हा वापरू नये. प्रतिबंधक उपाय म्हणून लागवडीच्या वेळी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी शेणखतातून मातीत मिसळता येते.

पावसाळी रात्री गोगलगायी कोवळ्या सुरळ्या कुरतडतात. पाने उलगडल्यावर त्यावर ओळीने भोके दिसतात. औषध फवारण्यापेक्षा रात्री विजेरी घेऊन त्या वेचून काढणे अधिक परिणामकारक. पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून निंबोळी अर्काची फवारणी करावी.

"पाने भरपूर, फूल मात्र नाही" ही तक्रार नेहमी ऐकू येते. त्याची कारणे बहुधा चारच असतात. नुकताच लावलेला छोटा तुकडा पहिल्या वर्षी साठवण करण्यातच गुंततो. त्याला एक पावसाळा द्यावा लागतो. जागा फार काळोखी असते. कंद खोल लावला जातो. किंवा हिवाळ्यात पाणी सुरूच ठेवल्याने झोपेचा काळ पुरेसा मिळत नाही. यातले नेमके कारण शोधून दुरुस्ती केली तर पुढच्या वसंतात फरक दिसतो. त्याआधी मात्र नाही. भुईचाफ्याच्या बाबतीत चुकीची शिक्षा आणि सुधारणेचे बक्षीस, दोन्ही वर्षभराने मिळतात.

वाटल्याने टिकतो

दोन-तीन वर्षांत कुंडी कंदांनी गच्च भरते. मग फेब्रुवारीच्या अखेरीस, कोंब फुटण्याआधी, कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढावा. प्रत्येक तुकड्याला एक-दोन डोळे आणि काही गाठी राहतील असे धारदार चाकूने भाग करावेत. ते एक-दोन दिवस सावलीत सुकवून लावावेत. एक तुकडा आपल्याला पुरतो, उरलेले वाटावेत.

हे वाटणे केवळ शिष्टाचाराचे नाही. मागल्या वर्षी त्या आजींनी घर बदलले, तेव्हा पौष महिना होता. सामान हलवणाऱ्यांनी 'रिकाम्या' कुंड्या उपड्या करून माती कचऱ्यात टाकली. त्यात त्यांचा भुईचाफाही गेला. वाडे पाडले जातात, चाळींच्या जागी मनोरे उभे राहतात, तेव्हा आंब्याचे झाड तोडले गेले तर निदान कुणाच्या तरी लक्षात येते. मातीखाली निजलेल्या कंदासाठी कुणी हरकत नोंदवत नाही, कारण तिथे काही आहे हेच कुणाला ठाऊक नसते. सुदैवाने आजींनी दिलेला तुकडा एव्हाना वाढून तीन कुंड्यांत पसरला होता. त्यातला एक वाटा फाल्गुनात त्यांच्या नव्या घरी पोहोचवला. "अटी माहीत आहेत ना, आजी?" असे विचारल्यावर त्या हसल्या आणि कुंडी त्यांनी स्वतःच गॅलरीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात सरकवली. चैत्र संपता संपता तिथे फूल आल्याचा त्यांचा दूरध्वनी आला.

वर्षभराचे वेळापत्रक

फेब्रुवारी-मार्च : कंदांचे विभाजन व नवी लागवड. कुंडीची वरची माती हलक्या हाताने मोकळी करावी.

एप्रिल-मे : कोंब व फुले. माती जेमतेम ओलसर. दुपारनंतरच्या उन्हापासून जपावे. पाने येऊ लागताच पाणी वाढवावे.

जून-ऑगस्ट : पानांची वाढ. ताटली काढावी, खत दोनदा. गोगलगायींवर लक्ष ठेवावे.

सप्टेंबर-ऑक्टोबर : खत बंद. पाऊस थांबल्यावर गरजेपुरतेच पाणी.

नोव्हेंबर : पाने पिवळी पडू लागतात. पाणी निम्म्यावर आणावे. पाने तोडू नयेत.

डिसेंबर-जानेवारी : पूर्ण विश्रांती. कुंडीत पट्टी खोचावी आणि झारी दूर ठेवावी.